मथुराच्या नावाचे गहू

सुरतेहून परत आले तेव्हा आमच्या नगरच्या मंडळीतल्या लोकांनी मला दोनच गोष्टी विचारल्या. सुरतेची ती तुपातली मिठाई, घारी, आणली का, आणि किती माणसं प्रभूकडे आली. घारी आणली नव्हती. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला रविवारी उपासनेनंतर मला दहा मिनिटं मिळणार होती, पण ती नंतर काढून घेण्यात आली. तेवढ्या वेळात एक लांबलचक गीत बसवलं. सांगायचं होतं ते माझ्या घशात तसंच राहिलं, म्हणून हे लिहिते आहे. ज्यांना सुरतेची खाऊगल्ली वाचायची आहे त्यांची थोडी निराशा होईल, त्याला माझा इलाज नाही.

मी मार्था. लग्न केलं नाही. मिशनच्या शाळेत बरीच वर्षं मराठी शिकवलं. मुलं मिळेनात म्हणून मराठीचे वर्ग बंद झाले, तेव्हा आमच्या सेक्रेटरीसाहेबांनी मला ऑफिसात बोलावून सांगितलं, "ताई, प्रभूला तुमची गरज परमुलखात आहे." प्रभूची गरज नेमकी शाळा बंद पडल्यावरच कशी निघाली, हे मी विचारलं नाही. परमुलूख म्हणजे सुरत. तिथे गिरण्यांत आणि लूमवर काम करणारी आपली काही मराठी ख्रिस्ती कुटुंबं आहेत, त्यांना सांभाळायला कोणी नाही, असं ते म्हणाले.

पाठवणीची उपासना मोठी झाली. 'परराज्यातील सेवेसाठी' असा फ्लेक्स लावला, त्यावर माझा शाळेच्या ओळखपत्रावरचा फोटो. एका म्हाताऱ्या बाईंनी मला मिठी मारून हमसून रडून घेतलं. मी जणू बोटीत बसून आफ्रिकेला निघाले होते. रात्रीच्या बसमध्ये बसले आणि सकाळी सुरतेच्या उधन्याला उतरले. महिनाभर गुजराती वाक्यं पाठ केली होती. त्यातलं पहिलं जुळवून तोंड उघडणार तोच रिक्षावाला म्हणाला, "कुठं जायचं ताई?" तो शिरपूरचा निघाला.

डिंडोली

सुरतेच्या डिंडोली भागात मराठी माणूस शोधावा लागत नाही. धुळे, अमळनेर, पारोळा असं सगळं तिथे गल्लीगल्लीत राहतं. शेवभाजीच्या पाट्या मराठीत, लग्नाच्या पत्रिका मराठीत, भांडणं अहिराणीत. हिशेबाचं बोलणं तेवढं गुजरातीत. माझी शुद्ध मराठी मात्र तिथे कोणाच्या कामाची नव्हती. भाजीवालीला मी "ही मेथी कशी दिली?" विचारलं तर ती पलीकडचीला म्हणाली, "देख वं, टीव्हीनी बाई उनी." म्हणजे टीव्हीवरची बाई आली.

माझी खोली वरच्या मजल्यावर होती. खालची पुढची खोली रविवारी सकाळी उपासनेसाठी मिशनने ठरवून घेतली होती. घर सुकलालभाऊंचं. ते पांडेसऱ्याच्या एका प्रोसेस मिलमध्ये कामाला, बोटांची नखं कायम रंगलेली. कधी निळी, कधी जांभळी. मी रोज बघून घ्यायची, आज सुरतेत कुठला रंग चालला आहे ते. त्यांची बायको विमल. अहिराणीत व गळतो, म्हणून सगळ्यांची इमल आणि माझी इमलमावशी. ती दिवसभर दारात बसून साड्यांवर टिकल्या चिकटवायची. खळीचा वास तिच्या पदराला, चहाला, सगळ्यालाच यायचा.

पहिल्या दिवशी तिने विचारलं, "नाव काय वं बाई तुन्हं?"

"मार्था."

"मथुरा?"

"मथुरा नाही मावशी. मार्था. मा, र..."

"हा मंग, मथुराच म्हनी राह्यनू मी बी." आणि तिने टिकली चिकटवली. विषय संपला. आठवडाभरात मी सगळ्या गल्लीची मथुराबाई झाले. शाळेत मी कितीतरी वर्षं मुलांचे उच्चार सुधारले, पण इथे हात टेकले. बायबलातली मार्था घरात पाहुणा आला की स्वयंपाकात गुंतून पडायची, आणि ही बाई तर मला स्वयंपाकघरात पाऊलही ठेवू देत नव्हती. तेव्हा नावाला फारसं जपण्यात अर्थ नव्हता.

आता आमच्या उपासनेबद्दल. ज्यांना सांभाळायला मी गेले ती कुटुंबं बहुतेक जालना-बीडकडची, एक-दोन विदर्भातली. सगळी मिळून खोली जेमतेम भरायची. त्यांच्यात पुढारी म्हणजे डेव्हिडभाऊ. लूमच्या कारखान्याला तिकडे खातं म्हणतात, तिथे ते बारा-बारा तासांची पाळी करायचे. खात्यातल्या खडखडाटाने सगळ्यांचे कान गेलेले, त्यामुळे आमची मंडळी प्रार्थनाही ओरडून करायची. "हे प्रभू, आम्हाला शांती दे" हे वाक्य एवढ्या जोरात मी पूर्वी कुठे ऐकलं नव्हतं. गीताची तर गोष्टच नको, प्रत्येक जण आपापल्या वेगाने धावायचा. रात्रपाळी करून आलेले निम्मे लोक उपदेश सुरू झाला की भिंतीला टेकून झोपायचे. मी सुरुवातीला आवाज चढवायची. पुढे त्यांच्या तोंडाकडे पाहून आवाज उतरवायला शिकले.

मुलांचा वर्गही काढून पाहिला. मुलं गोड होती, पण शिकायची गुजराती नाही तर हिंदी शाळेत. मराठी गीतांचं पुस्तक हातात दिलं तर एक मुलगी म्हणाली, "टीचर, ये तो दादी का लैंग्वेज है." काही दिवसांनी ती सगळी ट्यूशनला गेली आणि मी आणि खडू उरलो.

ऑफिसची पद्धत मोठी मजेची होती. निघताना बजावलं होतं, "तिथे कोणाला काही सांगायला जायचं नाही. दिवस बरे नाहीत. फक्त आपल्या लोकांची उपासना." आणि दर महिन्याला सेक्रेटरीसाहेबांचा फोन, "काय ताई, काही फळ दिसतंय का?" फळ म्हणजे नवीन माणूस. झाड लावायचं नाही आणि फळ मागायचं. एकदा वैतागून मी म्हटलं, "हो साहेब, कालच गंगाफळ केलं होतं." खानदेशी लोक लाल भोपळ्याला गंगाफळ म्हणतात. साहेब हसले नाहीत.

खाण्यापिण्याचं सांगायचं तर आमच्याकडे लोचा होतो, तिकडे लोचो खातात. वाफवलेलं, पिवळं, वर तेल आणि शेव. चांगलं लागतं. बाहेर डाळीत गूळ, भाजीत साखर. नगरच्या माणसाला तिखटाशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही, म्हणून पहिल्या महिन्यात मी अर्धपोटीच असे. मावशीला ते कसं कळलं कोण जाणे. एक दिवस ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि मिरच्यांचा ठेचा जिन्यात ठेवून गेली. मग रोजच ठेवू लागली.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट. त्यासाठी एक वयस्क पाळक वापीहून यायचे आणि मी तबक फिरवायची. मावशी आतल्या दारात टिकल्या लावत हे सगळं बघायची. घर तिचं, सतरंजी तिची, तबक झाकायचा रुमालही तिच्याच दोरीवर वाळलेला. एकदा मी तबक घेऊन तिच्या दारापर्यंत गेले आणि वळले.

सगळे गेल्यावर तिने विचारलं, "माले कसं नही दिधं वं?"

मी म्हटलं, "मावशी, ज्यांचा बाप्तिस्मा झालाय त्यांनाच देता येतं. तसा नियम आहे."

मला वाटलं ती चिडेल, निदान तोंड वाकडं करेल. हातातली टिकली खाली ठेवून ती म्हणाली, "हा. आमना रोटना गतच शे मंग. घरनास्नीच खावानं." म्हणजे त्यांच्या रोटासारखंच, घरच्यांनीच खायचं. आणि तिने पुन्हा साडी मांडीवर ओढली. तेव्हा मला रोट म्हणजे काय ते माहीत नव्हतं. पण तिला माझा नियम इतक्या सहज पटला, याचं मला फार बरं वाटलं.

बारडोली

ऊसतोडीच्या हंगामाच्या शेवटी डेव्हिडभाऊ म्हणाले, "बाई, बारडोलीकडं आपली दोन-तीन घरं ऊस तोडायला आलीत म्हने. जाऊन भेटून येऊ." मी हार्मोनियम घेतलं, गीतांची पुस्तकं घेतली. बसमध्ये हार्मोनियमचं वेगळं तिकीट काढावं लागलं, त्यावरून कंडक्टरशी हुज्जत झाली. साखर कारखाना ओलांडून दोन मैल चालल्यावर पालं सापडली. पालांत एक म्हातारी, चार शेळ्या आणि पाळण्यातलं एक मूल. बाकी सगळे फडात. फडात गेलो तर मुकादम म्हणाला, ट्रक भरल्याशिवाय कोणी हात थांबवणार नाही. प्रार्थना करायची असेल तर बांधावरून करा.

मग मी बांधावर उभं राहून हार्मोनियम वाजवलं. त्यांनी मान वर करून एकदा पाहिलं, दोन बायका कोयत्यासकट हसल्या आणि पुन्हा वाकल्या. डेव्हिडभाऊ एकटेच माझ्यासोबत गात होते, अर्थात ओरडून. एवढ्या उन्हात मला तहान लागली आणि मी तिथल्या पिंपातलं पाणी प्याले. सेवा म्हणून त्या दिवशी एवढंच झालं. येताना त्यांनी ऊस बांधून दिला, तो मात्र गोड होता.

ते पाणी भोवलं. विषमज्वर निघाला. मिशनला फोन केला तर साहेब म्हणाले, आम्ही सगळे प्रार्थनेत आहोत. ते प्रार्थनेत होते आणि मावशी माझ्या उशाशी होती. टिकल्यांचं काम घेऊन ती वर माझ्या खोलीत येऊन बसायची. भाताची पेज चमच्याने भरवायची. मी तोंड फिरवलं की म्हणायची, "खाय वं माय, दोन घास. मरी जाशी ना अशी." मला माझ्या आईनंतर कोणी 'माय' म्हटलं नव्हतं. मी रडले, आणि तापामुळे रडते आहे असं सांगितलं.

श्रावण

नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात कानबाई बसते. चौरंगावर कलश, त्यावर नारळाची देवी, मुखवटा, नथ, केळीचे खांब. रविवारी बसवायची, सोमवारी वाजत-गाजत उठवायची. सुकलालभाऊंच्या सगळ्या भाऊबंदांची मिळून एकच कानबाई, आणि ती मावशीच्या घरी बसायची. सासूने मरताना हा मान थोरल्या सुनेला डावलून तिच्या हातात दिला होता. मावशीकडे दागिना म्हणावा असा काही नव्हता. होता तो हा मान. श्रावण लागला आणि ती चालूसुद्धा वेगळी लागली, जरा ताठ.

कानबाई रविवारचीच असल्याने खालच्या खोलीचा प्रश्न आला. मी उपासना गच्चीवर नेली. एका घरात वर आमचं ओरडून गाणं आणि खाली त्यांची गाणी, असा तो रविवार गेला. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

आधल्या दिवशी मावशी गहू निवडत बसली होती. घरातल्या एकेका माणसाचं नाव घेऊन मुठीने गहू मोजायचे, त्या पिठाचे जाड रोट करायचे, आणि ते फक्त घरच्यांनीच, भाऊबंदांनीच खायचे. शेजाऱ्याला नाही, पाहुण्याला नाही, लग्न होऊन गेलेल्या मुलीलासुद्धा नाही. उरले तर ते टाकत नाहीत, पौर्णिमेच्या आत घरातल्यांनीच संपवायचे. हे सगळं ती मला सांगत होती आणि मी ऐकत होते, कारण परक्या रीती ऐकायला मला आवडतात. मग ती सहज म्हणाली, "यंदा तुन्हा नावना बी गहू टाकात मी."

मी म्हटलं, "मावशी, अहो, मी कशी..."

"मथुराना नावना," ती म्हणाली. "तापमा व्हती तू, तैच बोलेल व्हतू मी कानबाईले. बरी व्हऊ दे, घरनी करी लिसू."

मी आजारी असताना तिने देवीला शब्द दिला होता, की ही बरी झाली तर हिला घरची करून घेईन. मला तिने विचारलं नव्हतं. मी तरी माझ्या प्रार्थनेत तिचं नाव घेताना तिला कधी विचारलं होतं का?

मूर्तीपुढचा नैवेद्य आम्ही खात नाही. हे मी लहानपणापासून पाळत आले, आणि ते मला जाचत नव्हतं. संध्याकाळपर्यंत मी ठरवलं, की पंगतीच्या वेळी डोकं दुखतंय म्हणून वरच थांबायचं. पण रविवारी मावशीनेच वर येऊन हाताला धरून खाली नेलं.

पंगत बसली होती. रोट, पुरण, खीर, गंगाफळाची भाजी. मला मावशीच्या शेजारी पाट. समोर तिचे थोरले जेठ, म्हणजे सुकलालभाऊंचे मोठे भाऊ, सुरतेतल्याच बमरोलीचे, आपल्या सगळ्या कुटुंबासकट. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मावशीला विचारलं, "हाई कोन?"

"मन्ही आंडेर," मावशी म्हणाली. माझी मुलगी.

"आंडेरले रोट चालस का? ती परका घरनी."

मावशीने पदर सावरला. "लगीन व्हयेल नही तिनं," ती म्हणाली. "मंग कोना घरनी ती? आमनाच घरनी."

लग्न न झाल्याबद्दल आयुष्यभर मी नातेवाइकांचं, मंडळीचं, घरमालकांचं बरंच ऐकून घेतलं आहे. त्याचा कोणी असा उपयोग करेल असं मला कधी वाटलं नव्हतं. सगळे माझ्या ताटाकडे बघत होते. मी खाल्लं नाही तर ही बाई सगळ्या भाऊबंदांपुढे खोटी पडणार होती, तिच्याच देवीसमोर. जिला मी तिच्याच घरात तबक दाखवून परत नेलं होतं तिने माझ्यासाठी मूठभर गहू मोजले होते. मी रोटाचा तुकडा मोडला, डोळे मिटून आमच्या पद्धतीने आभार मानले, आणि खाल्ला. सगळा खाल्ला. चव चांगली होती. मला ते पाप वाटलं नाही, आजही वाटत नाही.

थोरले जेठ ताटावरून उठले. त्यांच्यामागून बमरोलीची सगळी पंगत उठली. मावशी वाकून वाढत राहिली, रिकाम्या पाटांपुढेसुद्धा.

बमरोली

दोन दिवसांनी सुकलालभाऊ, मावशी आणि मी बमरोलीला गेलो. जाण्याचा हट्ट माझाच होता. मला वाटलं, मी शिकलेली बाई, चार शब्द नीट बोलेन. थोरल्यांचं घर गिरणीच्या कामगारांच्या वस्तीत, बाहेर साड्यांच्या गठड्या. त्यांनी आदराने बसवलं, चहा दिला. उद्धट बोलले असते तर सोपं गेलं असतं.

मी म्हटलं, "भाऊ, यात मावशींची चूक नाही. त्यांनी मायेपोटी केलं."

ते म्हणाले, "माया शे ती चांगलं शे. पन बाई, एक सांगा. तिनी आमना रोट तुमले दिधा. तुमना पाव माले देशात का तुम्ही?"

मी भाषेची शिक्षिका, आणि मी नुसती चहाची बशी सरकवली. ते पुढे म्हणाले, "नही ना? मंग. नियम तुमले शे, तसा आमले बी शे." त्यांच्या म्हणण्यात खोट काढायला जागा नव्हती, हेच मला सगळ्यात लागलं.

त्यांनी निर्णय सांगितला. पुढच्या वर्षापासून कानबाई बमरोलीला बसेल. कलश, मुखवटा, नथ, सगळं मावशीने आणून द्यायचं. आणि खालच्या खोलीतली रविवारची उपासना बंद करायची. सुकलालभाऊ रिक्षात माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, माले काहीच नही. पन भाऊबंदमा ऱ्हावानं शे." घरी आल्यावर मावशीने मुखवटा पुसला, कापडात गुंडाळला, पुन्हा सोडला आणि पुन्हा पुसला.

पुन्हा डिंडोली

इकडे डेव्हिडभाऊ माझ्याकडे आले. "बाई, रोटाचं कानावर आलं, मी साहेबांना फोन केला. लपवून काय करू?" मी चिडले. म्हटलं, आधी मला तर विचारायचं. तेव्हा ते नेहमीसारखं ओरडून नाही, हळू बोलले. "तुमच्या आधीच्या पाळकांनी मला सहा महिने प्रभुभोजनाच्या बाहेर बसवलं होतं. खात्यातल्या गनपतीचा पेढा खाल्ला म्हनून. पोरांसमोर बसवलं. मला एक नियम आन् तुम्हाला दुसरा का?" त्यांचंही खरं होतं. या प्रवासात माझ्यावर रागावलेला प्रत्येक माणूस बरोबर निघाला, ही मोठीच पंचाईत.

सेक्रेटरीसाहेब लगोलग आले. मला सेवेला पाठवताना एवढी घाई नव्हती. खालच्या खोलीत, त्याच सतरंजीवर आमची बैठक झाली. मावशीने चहा आणला, साहेबांनी तो घेतला, पण बशीतल्या चिवड्याकडे संशयाने पाहिलं.

"ताई, नैवेद्य आहे हे माहीत असून खाल्लंत?"

"हो."

"आणि नावही बदललंत म्हणे. मथुरा."

मला हसू आलं. म्हटलं, "साहेब, नाव बदललं नाही. मावशीच्या जिभेवर मार्था बसत नाही, एवढंच."

"पण त्या नावाने देवीपुढे गहू ठेवले गेले, हे तर खरं?"

डेव्हिडभाऊंना एकदम आशा वाटली. ते पुढे सरकले. "मग झालं ना साहेब! गहू मथुरेच्या नावचे होते. मार्थाचे नव्हतेच. बाईंनी तसं म्हनावं, की ते माझे नव्हते."

साहेबांनाही ही वाट बरी दिसली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एवढं म्हटलं असतं तर नोकरी टिकली असती, खोली दुसरी मिळाली असती, दहा मिनिटंही मिळाली असती. आतल्या दारात मावशी टिकल्यांचं पाकीट हातात धरून उभी होती.

मी म्हटलं, "ते माझेच होते."

त्यानंतर सगळं ठरल्यासारखं झालं. मंडळीपुढे उभं राहून चुकले म्हणेपर्यंत प्रभुभोजनापासून दूर. सुरतेची सेवा समाप्त. साहेबांनी शेवटी प्रार्थना केली, त्यात माझ्यासाठी नम्रता मागितली. मी आमेन म्हटलं नाही.

निघताना मावशीने एक साडी दिली. मिलमधली, कुठेतरी डाग पडलेली, त्या डागावर तिने दाट टिकल्या चिकटवून फूल केलं होतं. म्हणाली, धुऊ नकोस. मी धुतली. टिकल्या गळाल्या आणि डाग दिसू लागला, तरी ती मी नेसते.

नगर

फ्लेक्स कोणी काढला नव्हता. चर्चच्या मागच्या भिंतीला, पाण्याच्या टाकीवर झाकायला वापरला आहे. माझा अर्धा फोटो दिसतो.

'चुकले' हा एक शब्द आहे. शाळेत मी तो मुलांकडून शंभरदा लिहून घेतला असेल. पाळकसाहेब प्रेमाने सांगून जातात, ताई, म्हणून टाका, संपवा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तबक माझ्या बाकापर्यंत येतं. फिरवणारा मुलगा माझाच विद्यार्थी. तो बिचारा मान खाली घालून तबक माझ्यावरून पलीकडे देतो. पहिल्या वेळी मला भयंकर अपमान वाटला. आता मावशीचा उंबरठा आठवतो, जिथून मी वळले होते.

यंदा श्रावणात कानबाईचा रविवार आणि आमचा प्रभुभोजनाचा रविवार एकच आला. तबक माझ्यावरून गेलं. मी घरी आले, एकटीसाठी भात टाकला. सोमवारी दुपारी मावशीचा फोन आला. पाठीमागे वाजंत्री ऐकू येत होती, पण दूरची.

"कानबाई बमरोलीले बठनी," ती म्हणाली. "मी बी तठे गऊ व्हतू. गहू मोजात. यास्नं नाव लिधं, मन्हं लिधं. तुन्हं कोनीच नही लिधं. मी दोनदा सांगं त्यास्ले, मथुरानी मूठ ऱ्हायनी म्हनीसन."

मी म्हटलं, "जाऊ द्या मावशी. तुम्ही जेवलात ना? रोट खाल्ला ना?"

तिने उलट मलाच विचारलं, "तुले देतस का आते तो पाव, तुमना देवळमा?"

"नाही," मी म्हटलं.

वाजंत्री थांबली होती.

"मंग मी बी नही खादा, माय."